दोन पावलं खाली

(एप्रिलमधली दुपार. अमेरिकेतल्या ऑलिंपिक डोंगरांतून उतरणारी नदी आणि धारेच्या मध्याकडे तिरका गेलेला, पाण्याखालचा गोट्यांचा बांध. त्याच्या टोकाशी म्हातारा रॉइस, कंबरभर पाण्यात. वरच्या अंगाला त्याची मुलगी आर्डिस. दोघांच्या हातात स्टीलहेड जातीचे मासे धरायचे, गळाचे लांब रॉड.)

आर्डिस : लागलाय का मासा?

रॉइस : नाही.

आर्डिस : मग हलत का नाहीस? मघापासून एकाच जागेवरून गळाची ती पिसांची खोटी माशी फेकतोयस. एक फेक, दोन पावलं खाली, मग पुढची फेक. मागच्याला खोळंबवायचं नाही. लहानपणी मी रेंगाळले की केवढा ओरडायचास.

रॉइस : ओरडायचो.

आर्डिस : आता म्हातारा झालास म्हणून तुला सूट का?

रॉइस : आर्डिस, आहेस तिथेच थांब. खाली येऊ नकोस.

आर्डिस : का? बाबा, इकडे बघ. मान तरी वळव.

रॉइस : वळलो तर पाय सुटेल. खालचे गोटे सरकतायत. पाऊल जरा उचललं की पाणी सगळं खरवडून नेतंय.

आर्डिस : मग मागे फिर. गेलास तसा ये.

रॉइस : बघितलं करून. धारेविरुद्ध पाय उचलत नाही. खाली येताना पाणीच ढकलत होतं, तेव्हा काही कळलं नाही.

आर्डिस : पाणी वाढलंय का रे? मघाशी माझ्या गुडघ्याला होतं. आता मांडीला लागतंय.

रॉइस : वाढलंय. वर सकाळपासून ऊन आहे, बर्फ वितळतोय. अजून वाढेल.

आर्डिस : आडवा काठाकडे जा.

रॉइस : मधे डोक्यावर पाणी आहे.

आर्डिस : मग उताणा पड, पाय पुढे कर आणि वाहत जा. तूच शिकवलंस ना.

रॉइस : खाली बघ जरा.

आर्डिस : ते धारेत आडवे अडकलेले ओंडके.

रॉइस : हो. पाणी त्यांच्या खालून जातं. माणूस नाही जात.

आर्डिस : असं बोलू नकोस. मी जाते, कुणाला तरी घेऊन येते.

रॉइस : जा. फोन पुलापाशी लागेल.

आर्डिस : पूल केवढा लांब आहे. तोवर तू उभा राहशील?

रॉइस : माहीत नाही. पण तू काठावर असशील.

आर्डिस : एवढा खाली गेलासच कशाला? जन्म गेला तुझा या नदीवर. ही जागा तुला ठाऊक नव्हती?

रॉइस : ठाऊक होती. त्या मोठ्या खडकापाशीच थांबणार होतो. पण तू मागून येत होतीस. थांबलो असतो तर तुझी वाट अडली असती. ती शाळेची बस चालवताना तुला सुट्टी मिळते कुठे एरवी?

आर्डिस : माझी वाट? अरे, माझे पाय केव्हाचे बधिर झालेत. तू पुढे जात होतास म्हणून मी मागे येत होते. तू रंगात आला होतास, मोडता कशाला घालू, म्हटलं.

रॉइस : वा. दोघेही शहाणे आपण.

आर्डिस : हसू नकोस. मला फार भीती वाटतेय.

रॉइस : मलाही.

आर्डिस : मी येते तिथे.

रॉइस : नाही. दोघं गेलो तर तुझ्या आईला सांगायला कोण उरेल?

आर्डिस : माझ्याकडे आधाराची काठी आहे. तू तुझी गाडीत टाकून आलास, म्हाताऱ्यांना लागते म्हणून. मी तुझ्या वरच्या अंगाला उभी राहिले तर धार माझ्यावर फुटेल आणि तुला पाऊल उचलता येईल. बरोबर ना? बोल ना, बरोबर ना?

रॉइस : बरोबर.

आर्डिस : मग कशी येऊ ते सांग.

रॉइस : तोंड धारेकडे. काठी पुढे रोव, वजन तिच्यावर. पाय उचलायचे नाहीत, घासत मागे आणायचे. आणि कमरेचा पट्टा आवळ. त्या रबरी विजारीत पाणी भरलं तर संपलं.

आर्डिस : आवळला. रॉड पाठीशी खोचलाय. तू बोलत राहा. गप्प झालास की वाटतं, गेलास.

रॉइस : इथेच आहे. हळू. काठाच्या बाजूला खड्डा आहे, तिकडे जाऊ नकोस.

आर्डिस : गोटा सरकला. बाबा, सरकला.

रॉइस : सरकू दे. हलू नकोस. बसला का?

आर्डिस : बसला.

रॉइस : ये मग. अरे देवा.

आर्डिस : काय झालं?

रॉइस : मासा लागला. माशी खाली पाण्यात नुसती लोंबत होती. मोठा आहे, ओढतोय मला.

आर्डिस : सोड त्याला.

रॉइस : दोर तोडला. गेला.

आर्डिस : बाबा, तुझा रॉड वाहत चाललाय.

रॉइस : मीच टाकला. दोन्ही हात मोकळे हवेत.

आर्डिस : तू रॉड टाकलास. हे बघूनच मला जास्त भीती वाटायला लागलीय.

रॉइस : हात दे. बोटं नको, मनगट धर.

आर्डिस : धरलं. किती गार पडलायस रे.

रॉइस : आधी तू. तुझा पाय रुतला की 'बसला' म्हण. मग मी उचलतो.

आर्डिस : बसला.

रॉइस : आलो.

आर्डिस : बसला.

रॉइस : थांब. थांब जरा. आलो.

आर्डिस : मला ओंडक्यांचा आवाज ऐकू येतोय.

रॉइस : ऐकू नकोस. पाय कुठाय?

आर्डिस : बसला.

रॉइस : आलो. रडू नकोस, डोळ्यांत पाणी आलं की दिसत नाही.

आर्डिस : रडत नाहीये. बसला. हा तुझा खडक. आता काठाकडे वळायचं?

रॉइस : वळ. तसंच, घासत.

आर्डिस : गुडघाभर झालं. घोटाभर. बाबा, वाळू लागली. बस. इथेच बस.

रॉइस : बसतो.

आर्डिस : आता माझं मनगट सोड. तुझे बूट काढते.

रॉइस : काढशील. जरा वेळ हात असाच राहू दे.