उतरून जायचं दार

बिनब्रेकच्या सायकलीचं कौतुक मला सांगू नगा. असली सायकल मी सोता जोडलीया. सांगाडा बेळगावच्या कॅम्पातल्या भंगारातला, चाकं शहापुरातली. मागचं चाक फिरलं की पायडल फिरणारच. थांबायचं तर पाय उलटे दाबत दाबत वेग मोडायचा.

आमच्या गावात इनामदाराच्या दारावरनं कुणी सायकलीवर बसून जायचं न्हाय, आणि दार नेमकं उताराच्या पायथ्याला. पहिल्याच दिवशी मी दाबत दाबत दाराच्या पार पुढं जाऊन थांबलो.

इनामदारानं दारापुढच्या कट्ट्यावरनं हाक मारली, "का उतरला न्हाईस रं?"

"सरकार, ही पटकन थांबत न्हाय."

"मग वरनंच खांद्यावर घिऊन येत जा."

माझा बाप, आप्पा, तिथंच उभा हुता. त्यानं नुसते हात जोडले.

शहापूरला मागावर कामाला जायचो मी. चार वर्षं रोज परत येताना तो उतार सायकल खांद्यावर घिऊन उतरलो. मग इनामदार मेला. पोरं पुण्याला गेली, दाराला कुलूप लागलं. म्हटलं, आज बसून जायाचं, आणि उतारावर सुटलो.

कट्ट्यावर चिटपाखरू न्हाय. तरी माझे पाय उलटे दाबायला लागले. जी थांबत न्हाय म्हणून सांगितलं हुतं, ती दाराच्या चार हात अलीकडंच थांबली. गपगुमान उतरलो, खांद्यावर घेतली.

मागनं आप्पा चालत येत हुता. म्हणाला, "शाणा हैस."

जन्मात त्यानं मला एवढी एकच शाबासकी दिली.