मास्तरांच्या फाइलमधला रक्तदाब

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य अधिकारी साहेब, सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि कधी कॉल येईल याचा नेम नाही म्हणून दाराशीच उभे असलेले माझे सहकारी मित्रहो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आगीच्या बंबाचा चालक आहे, वेळेत पोहोचवीन.

सत्कारमूर्तींना आम्ही शिडीमास्तर म्हणतो. सव्वीस वर्षं त्यांची शिडी आणि माझं स्टीअरिंग एकाच पाळीत. चोवीस तास ड्यूटी, चोवीस तास सुट्टी. सुट्टी म्हणजे काय, ते वहिनींना विचारा. मास्तर दिवसा पडदे ओढून आडवे पडायचे आणि दोन्ही मुली घरात खुणांनी बोलायच्या. जेवताना चमचा पडला तरी हा माणूस ताट सोडून उभा. एकदा धाकटी मोठ्याने हसली म्हणून तिच्यावर हात उगारला, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. हे त्यांनीच मला सांगितलं, बंब पुसताना. मी काय म्हणालो? "होतं मास्तर असं. माझ्याही घरी होतं." खरंच होत होतं. आम्ही त्यालाच नोकरी समजत होतो.

आता जरा अवघड भाग.

आमची वार्षिक तपासणी असते पाळी सुटताना, सकाळी आठला. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाचं प्रेशर किती भरणार? जास्त भरलं की शिडीवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवतात. मास्तरांना त्याची फार धास्ती. माझं प्रेशर मात्र काही झालं तरी जागचं हलत नाही. बायको म्हणते, तुम्हाला कशाचं काही वाटत नाही, त्याचा हा पुरावा. हसा, हरकत नाही. तर डॉक्टर दरवर्षी नवे, रांग एवढी की दंडावरून मान वर करत नाहीत, आणि गणवेश सगळ्यांचा सारखा. मास्तर म्हणाले, "माझ्याही नावाने जाऊन ये की. तुझं काय जातंय?" मी गेलो. एकदा नाही, चार वर्षं. आलो की ते चहा पाजायचे आणि आम्ही दोघं हसायचो.

गेल्या वर्षी सकाळच्या कवायतीत मी खाली शिडी धरून उभा होतो. मास्तर चौथ्या पायरीवर थांबले. म्हणाले, "अरे, हात उचलत नाहीये." मला वाटलं, थट्टा करतायत. म्हणालो, "मग पायाने चढा." तेवढ्यात ते माझ्या अंगावर कोसळले.

वय एकावन्न. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, गोळी सुरू असती तर... वहिनी समोर होत्या, म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

हा आजार नोकरीतूनच आला असं मान्य करावं, असा अर्ज वहिनींनी केला. उत्तर आलं : चारही वर्षांच्या तपासणीत रक्तदाब उत्तम, आजाराचा कामाच्या पाळ्यांशी संबंध आढळत नाही. तो कागद वहिनींनी माझ्या हातात दिला आणि विचारलं, "भावजी, हे इतके चांगले होते, तर मग असं कसं झालं? माझ्याच जेवणात काही चुकलं का?" मी कागदाची घडी करून तो परत दिला. त्याला सात महिने झाले. मला माझी लाज वाटते.

वहिनी, तुमच्या जेवणात काही चुकलं नाही. ते चारही आकडे माझ्या दंडाचे आहेत.

साहेब, तसं लिहून, सही करून मी आज सकाळी तुमच्या कार्यालयात दिलं आहे. माझ्या नोकरीची तीन वर्षं उरलीत, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. सोमवारी पुन्हा तपासणी आहे. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी दोघांनी या आठवड्यात मला विचारलंय, "आमच्या नावाने जाल का?" नावं घेत नाही. मी जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही पाठवू नका. आपापला दंड पुढे करा. भरेल तो आकडा साहेबांना बघू द्या. त्याशिवाय या पाळ्या माणसाचं काय करतात हे त्यांना कळणार कसं?

मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर तेवढं पोटात घाला. मास्तर, तुमच्याकडे मात्र मी माफी मागणार नाही. तुम्हाला आता "नाही" म्हणता येत नाही.