वाळूतली जागा

(ऑक्टोबर संपत आलाय. तेतेरिनो गावात आता दोनच घरांत चूल पेटते. त्यातल्या एका घरात कापितोलिना, वय चौऱ्याऐंशी, आणि शेजारचा रोदिओन, वय त्रेसष्ट, चहाला बसलेत. दुपार.)

रोदिओन : दुसरं काहीही माग, मावशी. खड्डा मी खणणार नाही.

कापितोलिना : दुसरं काय मागू? लाकडं तू फोडून दिलीस, धुराडं झाडलंस, बटाटे तळघरात टाकलेस. आता खड्डाच तेवढा राहिलाय.

रोदिओन : जितं माणूस माझ्यासमोर बसून चहा पितंय, आणि मी त्याची कबर खणू?

कापितोलिना : मग मेल्यावर खणशील? शनिवारी तुझी लेक झोया येणार, तुला गाडीत घालून वोलोग्दा शहरात नेणार. मागे राहणार मी. माझी मी उठून खणू?

रोदिओन : जिल्ह्यातून माणसं येतात की.

कापितोलिना : आली होती ना आपली फ्योक्ला म्हातारी गेली तेव्हा. अकरा दिवस ती लाकडांच्या खोपटात पडून होती. तू आणि मी आळीपाळीने उंदीर हाकायला जायचो. मग चौघे आले, त्यातले दोघे प्यालेले. जमीन गोठून दगड झालेली, ती मऊ करायला त्या जागी ट्रॅक्टरचे टायर जाळले. दोन दिवस. जन्मभर चुलीला चुना लावून पांढरी ठेवणारी बाई, आणि तिला काजळीत पुरलं.

रोदिओन : ते खरंय. पण कबर खणून उघडी ठेवू नये. माणूस ओढते ती.

कापितोलिना : ओढू दे. ओढायला उरलंय कोण? बरोबर मलाच ओढेल, चुकायची भीती नाही.

रोदिओन : तुला सगळ्याची थट्टा.

कापितोलिना : थट्टा नको तर काय करू? शवपेटी सहा वर्षं माळ्यावर तयार आहे, त्यात कांदे भरून ठेवलेत. रुमाल, मोजे, मेणबत्त्या, सगळं गाठोड्यात आहे. सगळ्याची तयारी झाली आणि जमीनच नाही. तू खण, वर फळ्या टाक, फळ्यांवर फांद्या. शाळेची लाकडी जमीन उचकट, तिथल्या फळ्या अजून चांगल्या आहेत.

रोदिओन : शाळेच्या? त्या जमिनीवर उभं राहून मी पाढे म्हटलेत.

कापितोलिना : चुकीचे म्हटलेस. तुझी आई सांगायची.

रोदिओन : आणि माझ्या हृदयाचं काय? डॉक्टरने पाण्याची बादली उचलायलासुद्धा मनाई केलीय.

कापितोलिना : मला का माहीत नाही? मेमध्ये विहिरीजवळ पडलास तेव्हा कोण आलं होतं? सकाळी तुझ्याकडचा धूर दिसेना, तेव्हा काठी टेकत, चिखल तुडवत मीच आले.

रोदिओन : ते मी विसरलेलो नाही.

कापितोलिना : आठवण करून द्यायला नाही बोलले. तुझ्या हृदयाचा विचार करूनच जागा शोधलीय. तुला झेपेल अशी.

रोदिओन : शोधायचं काय त्यात? तुझी जागा प्रोकोपीकाकाजवळ. नवऱ्याशेजारी.

कापितोलिना : तिथे चिकणमाती, खाली दगड. प्रोकोपीसाठी खणताना सहा गडी होते आणि दोन कुदळी मोडल्या. तू एकटा काय करशील? आणि चाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले मी. घोरणं ऐकलं, पुरे झालं. वर टेकाडावर वाळू आहे. दोन-तीन दुपारी सावकाश खणलंस तर होऊन जाईल.

रोदिओन : टेकाडावर बहुतेक जुनी माणसं आहेत. गाव नदीच्या त्या काठाला होतं तेव्हाची.

कापितोलिना : हो. मोठी आग लागली, घरं गेली, मग गाव या काठाला आलं. इकडे कुरणं होती म्हणून. मेलेल्यांना कोण हलवतंय? ते तिकडेच राहिले. माझी आजी म्हणायची, शहाणे ते. सडक झाली ती त्यांच्या बाजूने. पूल पुरात गेला तेव्हा अडकलो आपण. त्यांचं काही अडलं नाही.

रोदिओन : पण वाळूत आता जागा कुठाय? एकच रिकामी आहे.

कापितोलिना : हो. एकच.

रोदिओन : माझ्या आईशेजारची.

कापितोलिना : तीच म्हणतेय मी.

रोदिओन : ती माझी जागा आहे, मावशी.

कापितोलिना : माहीत आहे.

रोदिओन : माहीत आहे, तरी मागतेस? कुंपण मी घातलंय तिला. शेतीसंघ बुडाला तेव्हा पगाराऐवजी गोठ्यातले पाइप दिले होते, त्यांचं. स्वतः जोडलंय. दर वर्षी रंग देतो.

कापितोलिना : निळा. माझ्या खिडकीतून दिसतो.

रोदिओन : आईला पुरलं तेव्हा तिला सांगितलं होतं मी. तुझ्या उजव्या हाताला मीच येणार.

कापितोलिना : आणि वोलोग्दाहून तुला आणणार कोण?

रोदिओन : झोया. शब्द दिलाय तिने.

कापितोलिना : कबरींच्या सणाला शेवटची कधी आली होती झोया?

रोदिओन : नोकरी आहे तिला. पोरं आहेत.

कापितोलिना : मी तिला नावं ठेवत नाही. चांगली पोर आहे, तुला घेऊन तरी जातेय. पण शेवटचे तीस किलोमीटर नुसतं जंगल. पावसात ट्रॅक्टर रुततो तिथे. त्यातून पेटी आणायची कशी? आणि आणलीच, तर खणणार कोण?

रोदिओन : हिवाळ्यात मेलो तर रस्ता गोठलेला असेल.

कापितोलिना : मग जमीनही गोठलेली असेल.

रोदिओन : तूच का येत नाहीस तिकडे? जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात जागा मिळते. झोया अर्ज करेल.

कापितोलिना : पाहून आले मी तो. एका खोलीत सहाजणी, सहाही भिंतीकडे तोंड करून. कोणी कोणाच्या गावची नाही. बोलणार काय?

रोदिओन : इथे तरी कोणाशी बोलणार आहेस?

कापितोलिना : इथे कोणाशीच नाही. मला माहीत आहे ते. साठ घरं होती इथे, रोद्या. तू लहान होतास, तेव्हा वरून कागद आला, या गावाला भविष्य नाही म्हणून. तुझ्या बापाने गोठ्यात वाचून दाखवला. आम्ही सतरा बायका दूध काढत होतो. हसलो आम्ही. म्हटलं, गायींना कुठे वाचता येतं? मग शाळा गेली, दुकान गेलं, गायीही गेल्या. कागद खरा निघाला. कोणाची जिरवायची म्हणून मी राहिले नाही. मला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून राहिले.

रोदिओन : मी पळून चाललोय असं वाटतं ना तुला?

कापितोलिना : वाटतं. रागही येतो. रोज सकाळी येतो. पण तू विहिरीजवळ पालथा पडला होतास, तोंडात माती गेलेली, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हा इथून गेलेला बरा. पुन्हा पडलास तर मला उलथवता यायचं नाही.

रोदिओन : मावशी.

कापितोलिना : काय?

रोदिओन : झोयाने जागा घेऊन ठेवलीय.

कापितोलिना : कसली?

रोदिओन : माझी. शहराच्या दफनभूमीत. उन्हाळ्यातच घेतली. मला फोनवर फोटो दाखवला. सपाट माळ, एक झाड नाही, रांगेने नुसते आकडे. मलाही एक आकडा आहे.

कापितोलिना : मग मघापासून माझ्याशी भांडत कशाला होतास?

रोदिओन : भांडत होतो तोवर ती माझी होती.

कापितोलिना : चहा घे. गार झाला.

रोदिओन : नको. पेटी केवढी आहे तुझी?

कापितोलिना : माळ्यावर जाऊन मोज. जरा लांबच करून घेतली होती, तेव्हा मी उंच होते. आधी कांदे काढावे लागतील.

रोदिओन : काढतो. आज फळ्या सोडवतो, उद्या सकाळी नावेने पलीकडे नेतो. कुंपणाच्या दाराची कडी गंजलीय, तिला तेल घालतो. नाहीतर तुला पुरायला आलेली माणसं जोर लावून दारच मोडतील.

कापितोलिना : दोन फावडी मार आणि बस. पुन्हा दोन मार. घाई नाही मला.

रोदिओन : आणि शनिवारी मी गेलो की नाव तिकडेच राहील. पावाच्या गाडीवाल्या रुस्लानला लागेल ती, तुझ्याकडे यायला. नदीवर बर्फ धरला की चालत येईल तो. एक गुरुवार आड. धूर दिसला नाही तर घरात शिरून बघ, असं सांगून ठेवलंय त्याला.

कापितोलिना : म्हणजे नाव तिकडे आणि मी इकडे.

रोदिओन : हो.

कापितोलिना : बरं. चांगला माणूस आहे तो, पावाला ताज्या भट्टीचा वास असतो त्याच्या. रोद्या, एक विचारू?

रोदिओन : विचार.

कापितोलिना : तुझ्या आईने आणि मी तीस वर्षं एका दावणीला दूध काढलं. तिला ओळखते मी. शेजारी जाऊन पडले की पहिलं हेच विचारेल, कापितोलिना, तू कशी काय या जागेवर, माझा रोद्या कुठाय? तिला काय सांगू?

रोदिओन : काही सांगू नकोस, मावशी. तिला वाटू दे, मी नदीपलीकडे घरीच आहे.