चोरखिशाचा कारागीर

...तर म्हणे कुशल कारागीर! कुशल? तो? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिवतोय मी, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता छातीचं माप सांगतो, आणि नाव कुणाचं? समोरच्याचं! समोरचा टेलर म्हणजे टाके असे की आंधळ्यानं मोजावेत. पण त्याच्या बायकोच्या हातात बांगड्या बघा, कोपरापर्यंत सोनं! आमची ही रोज गॅलरीतून बघणार आणि भांडी आपटत म्हणणार, “अहो, तेही टेलरच ना?”

मग कळलं, हा बाबा चोरखिशाच्या बंड्या शिवतो! त्यात सोन्याची पेस्ट भरायची, बंडी अंगात घालायची, वर शर्ट चढवायचा आणि विमानतळावरून हसत हसत बाहेर! चोरून का नाही येणार हो? तिकडे परदेशात सोनं स्वस्त, इकडे त्याच्यावर कर. सरकार सोन्यावर कर लावेल, हौसेवर कसा लावणार? लग्न ठरलं की मुलगी काय शिकली ते राहिलं बाजूला, ‘अंगावर किती तोळे?’

एकदा त्याची बंडी पकडली. पेपरात काय? ‘कुशल कारागिराची सफाईदार शिवण!’ कारागीर सापडला नाही, पण गल्लीला सगळं ठाऊक. लोक त्याला वाकून नमस्कार करायला लागले आणि माझ्याकडे येणार फक्त बटणं लावायला!

तेवढ्यात एक पाहुणा माझ्याकडे आला. “मास्तर, तसली एक बंडी शिवाल?” अहो, जीव ओतला! दुहेरी अस्तर, आतून तुरपाई, टाका दिसेल तर शपथ! महिन्याभरात तीही पकडली. कुणाच्या तरी चुगलीवरून कस्टमचे अधिकारी गल्लीत आले आणि शिरले कुठं? समोरच्याकडे! साहेब बंडी उजेडात धरून म्हणतात, “इतका बारीक टाका तुझ्याशिवाय कुणाचा? कबूल कर!” हा ढसाढसा रडतोय, “साहेब, देवाशपथ, मला इतकं चांगलं जमतच नाही हो!” जन्मात पहिल्यांदा खरं बोलला!

शहाणा माणूस काय करेल? गुपचूप शटर ओढेल. मी रस्ता ओलांडला! म्हटलं, “साहेब, गळ्याची गोलाई बघा! याच्या बापाला तरी जमेल का? काम माझं आहे!” साहेब म्हणाले, “कशावरून?” कशावरून? त्याच्याच मशीनवर बसलो आणि दहा मिनिटांत तुरपाईसकट दुसरा चोरखिसा शिवून हातात दिला! साहेबांनी खिसा उलटून बघितला... आणि बेड्या माझ्याच हातात घातल्या.

म्हणून तर तुमच्यासोबत या कोठडीत बसलोय. काल ही भेटायला आली, अंगात नवा ब्लाउज. काय बेतलाय! म्हटलं, “कुणी शिवला गं?” तर मान खाली घालून म्हणते, “तुम्ही इथं. मग जाणार कुठं? शिलाईसुद्धा घेतली नाही हो त्यांनी.” गजांतून हात घालून बाही उलटी करून बघितली... माझी तुरपाई! हुबेहूब! मेल्यानं त्या दहा मिनिटांत रडता रडता उचलली! आता म्हणे सगळी गल्ली त्याच्या दारात रांग लावून उभी. टाका माझा, कोठडी माझी, बायकोसुद्धा माझी...

आणि नाव कुणाचं? समोरच्याचं!