अप्पा कासारांची हरकत

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. घेणं अवघड, की देणं अवघड?

मागची रांग म्हणते, घेणं. बरोबर आहे. प्रसाद मागच्या रांगेपर्यंत पोचतो तेव्हा परातीत नुसता चमचा उरलेला असतो. पुढची रांग म्हणते, देणं. तेही बरोबर. पुढची रांग देणगीदारांची, त्यांना बोलण्याचा अधिकार आहे.

पण दोघांचंही चुकलं! घेणं सोपं. देणंही सोपं. अवघड काय — तर दिलेलं समोरच्याला घ्यायला लावणं!

खोटं वाटतं? पुराणातल्या त्या दानशूर राजानं तीन पावलं भूमी दिली, ठाऊक आहे ना? किती वेळ लागला? हातावर पाणी सोडलं — झालं! का झालं? कारण समोर बटू होता. नगरपरिषद नव्हती.

पेटीवाले हसले. ते नगरपरिषदेच्या हद्दीतले दिसतात.

तर आख्यान टाकळवेढ्याचं. टाकळवेढं गाव लहान, पण नगरपरिषद मोठी. बाजारपेठेचा रस्ता असा, की समोरून बैल आला तर माणसानं दुकानात शिरायचं, आणि शिरल्यावर काहीतरी विकत घेऊनच बाहेर पडायचं. व्यापाऱ्यांची त्या रस्त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

ह्या रस्त्याच्या टोकाला, जिथून कुंभार गल्ली आत वळते, तिथं नेमक्या कोपऱ्यावर विश्वंभरअप्पा कासारांचं बांगड्यांचं दुकान. दुकानामागं घर, दुकानापुढं दगडी ओटा. हा ओटा असा पुढं आलेला, की रिक्षासुद्धा आत वळत नसे. सायकल वळायची, पण घंटी वाजवून, क्षमा मागून.

अप्पा माणूस कसा? अहो, उभ्या जन्मात त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. धंदाच तसा! बांगड्यांच्या धंद्यात बांगडी फुटत नाही — वाढते. दुकान बंद करत नाहीत — वाढवतात. हिरव्या काचेचा माल संपलेला असला, तरी अप्पा म्हणायचे, "येतोय." कुठून येतोय, केव्हा येतोय, ते विचारायचं नाही. अशुभ बोलायचं नाही, एवढाच नेम. आणि कुंभार गल्लीतल्या लेकीसुनांच्या डोहाळजेवणाला चुडा भरायचा, तो अप्पांच्या हातून. दुसऱ्याच्या हातचा चालत नसे.

आता ऐका. गल्लीतल्या एका सुनेला भरदुपारी कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली — कुठपर्यंत? अप्पांच्या ओट्यापर्यंत! आत वळेना. तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणली. पण बाळाला काही रस्त्याचा नकाशा दाखवलेला नव्हता. ते वाटेतच आलं. ती ओट्याला टेकली, बायकांनी चारी बाजूंनी लुगडी धरली, आणि बाळंतपण तिथं झालं. आई सुखरूप, बाळ सुखरूप. लोक म्हणाले, देवाची कृपा. पण अप्पांनी त्या मुलीच्या मनगटात दोन महिन्यांपूर्वी स्वतः चुडा भरला होता, आणि आता ती त्यांच्याच ओट्याचा दगड धरून कण्हताना त्यांनी ऐकली होती. त्या दिवशी अप्पांनी मनाशी ठरवलं: ओटा जाणार.

आणि योग बघा. दोनच महिन्यांत नगरपरिषदेनं रस्तारुंदी काढली! बावीस घरांवर लाल रेघा मारल्या, बावीस घरांना नोटिसा. 'आपली एवढी जागा रस्त्यासाठी लागणार आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.'

एकवीस घरांनी कळवलं. काय काय कळवलं! एकानं लिहिलं, रेघेच्या जागी आमचं पूर्वापार तुळशीवृंदावन आहे. साहेब बघायला गेले, तर वृंदावनावर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. दुसऱ्यानं लिहिलं, इथं आमच्या आजोबांची समाधी आहे. सुनावणीला ते आजोबाच त्याला घेऊन आले होते.

हसू नका! ह्या एकवीसही जणांची कामं झाली. हरकत आली की सुनावणी लागते. सुनावणी झाली की आदेश निघतो. आदेश निघाला की मोजणी, मोजणीनंतर घासाघीस — कुणाला पैसे, कुणाला पुढची जागा दिल्याबद्दल वर एक मजला चढवायची परवानगी. पाच महिन्यांत एकवीस भिंती मागं सरकल्या. भांडणारा माणूस सरकारला नीट समजतो, मंडळी. त्याच्यासाठी सगळी सोय केलेली असते.

आणि बाविसावे आपले अप्पा. अप्पांनी काय लिहिलं? साध्या कागदावर, सुवाच्य अक्षरात — 'माझी हरकत नाही. जागा देतो. मोबदला नको. लवकर न्यावी.'

झालं! कागद गेला तो गेला.

एक महिना वाट पाहिली, दोन महिने पाहिली, मग अप्पा कचेरीत गेले. बांधकाम विभागात तांबवेकर नावाचे कारकून. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमानं चांगला होता. त्यांनी फाईल काढली, धूळ झटकली, अप्पांना खुर्ची दिली.

"अप्पा, तुमची हरकतच नाही," तांबवेकर म्हणाले.

"नाहीच आहे."

"मग सुनावणी कशावर घेऊ? सुनावणी नाही तर आदेश नाही. आदेश नाही तर मोजणी नाही."

"मग तशीच न्या. मी देतोय."

"तशी नेली तर ती बळकावली असं होतं. आणि फुकट नेली तर लेखापरीक्षक विचारतो, ह्या माणसानं फुकट का दिली? काय उत्तर देऊ?"

अप्पांनी विचार केला. म्हणाले, "सांगा, त्याला द्यावीशी वाटली."

तांबवेकरांनी फाईल चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. 'वाटली' असा रकाना कुठं नव्हता.

बरं, गोष्ट कचेरीत राहिली असती तरी ठीक. ती गावात आली! फुकट देतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे. कुणी म्हणालं, निवडणुकीला उभे राहणार. कुणी म्हणालं, मागं कुठंतरी गुपचूप जमीन घेतलीय, रस्ता झाला की भाव चढेल. एकानं तर अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, ओट्याखाली काही सापडलं का. आणि इकडे बाजारपेठ रुंद झालेली, गुळगुळीत डांबर, आणि टोकाला अप्पांचा ओटा एकटा नाकासारखा पुढं आलेला. परगावचे लोक बघायचे आणि म्हणायचे, कोण हा हट्टी म्हातारा, एवढ्या रस्त्याला आडवा आलाय!

मंडळी, ज्यानं पहिल्या दिवशी दिली तो आडमुठा ठरला, आणि ज्यांनी पाच महिने भांडून दिली त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराला अप्पा टाळ्या वाजवायला हजर होते.

आणि अशात कुंभार गल्लीतून बोलावणं आलं. रोहिणीचं डोहाळजेवण. सातवा महिना, पहिलटकरीण. अप्पांनी तिचा हात हातात घेतला, मापाची बांगडी काढली — आणि हात थांबला. दिवस कधीचे? पौषातले. म्हणजे उरले दोन महिने! आणि ओटा जिथल्या तिथं.

घरी येऊन अप्पा जेवेनात. काकूंनी विचारलं काय झालं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, गोदावरीकाकू. अप्पा कुणाला नाही म्हणत नसत, म्हणून घरातलं सगळं नाही म्हणण्याचं खातं ह्यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं, आणि ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "अहो, मग नाही म्हणा."

"काय?"

"हरकत घ्या. तुम्ही देता म्हणून ते घेत नाहीत. मी तुम्हाला कधी डॉक्टरकडे चला म्हणून नेलं का? 'आज जाऊ नका, पाऊस आहे,' म्हटलं की लगेच चप्पल घालता."

पाहिलंत? इतके महिने कचेरीला जे उमगलं नाही, ते भाकरी वाढता वाढता सुटलं! इथं बसलेल्या माउल्या माना हलवतायत, त्यांच्या यजमानांनी इकडे बघू नये.

पण अप्पांची पंचाईत! खोटं बोलायचं नाही, आणि नाही म्हणायची सवय नाही. शेवटी त्यांनी अर्जावर एकच ओळ लिहिली — 'माझी हरकत आहे.' कशाला आहे, ते लिहिलं नाही. मुदत केव्हाच संपली होती, पण मंडळी, हरकत आहे म्हटल्यावर कचेरीत कशी जान येते बघा! तांबवेकरांचा चेहरा खुलला. विलंब माफीचा शिक्का सापडला. चौथ्या दिवशी सुनावणीची नोटीस!

पेटीवाले, सूर द्या —

देतो म्हणता कुणी न घेई, बसले डोळे मिटुनी।
नाही म्हणता टेप धरूनी दप्तर आले उठुनी॥

सुनावणीचा दिवस. अप्पांनी धुतलेला सदरा घातला, काकू बरोबर. समोर मुख्याधिकारी मॅडम, नव्यानं बदलून आलेल्या. शेजारी तांबवेकर, पेन उघडून. बाहेर अर्धं गाव जमलेलं. शेवटी म्हातारा फिरला, आता पैसे मागणार, ही सगळ्यांची खात्री.

मॅडमनी विचारलं, "अप्पा, तुमची हरकत नेमकी कशाला?"

अप्पा उभे राहिले. काकूंनी त्यांना पाठ करून दिलं होतं: जागा देणार नाही, असं म्हणायचं. सोपं वाक्य. अप्पांनी ओठ उघडले. 'जागा' पर्यंत आले. 'देणार' पर्यंत आले. आणि पुढचा शब्द काही निघेना! साठ वर्षांत कुणाला न म्हटलेला शब्द, तो कुठं ठेवलाय तेच सापडेना. काकूंनी कोपरानं ढोसलं. अप्पांना घाम फुटला. आणि मग त्यांनी हात जोडले आणि खरं तेच सांगितलं.

"मॅडम, मी जागा देतोय आणि तुम्ही घेत नाही. माझी हरकत त्याला आहे."

तांबवेकरांचं पेन हवेत.

"पौषात रोहिणी बाळंत होईल," अप्पा म्हणाले. "मागच्या वेळची सून माझ्या दारात मोकळी झाली. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पण ओटा न्या."

मॅडमनी नोटीस वाचली. हरकत असल्यास कळवावी, एवढंच त्यात होतं. हरकत जागा घेण्यालाच हवी, जागा न घेण्याला चालणार नाही, असं कुठं म्हटलं होतं? त्यांनी तांबवेकरांना विचारलं, आतापर्यंत किती हरकती आल्या. एकवीस. मान्य किती झाल्या? एकही नाही.

"मग ही लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. "हरकत मान्य."

अहो, टाकळवेढ्याच्या इतिहासातली पहिली मान्य हरकत! आणि हरकत मान्य झाली म्हणजे काय? आता न घेणं हाच नियमभंग! तांबवेकर इतक्या भराभर लिहायला लागले, की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. फुकटचा पेच राहिला होता, तोही मॅडमनी सोडवला: ओट्याच्या बदल्यात वर मजला चढवायची परवानगी, एकवीस जणांसारखीच. काकूंनी विचारलं, चढवलाच पाहिजे का? मॅडम म्हणाल्या, सक्ती नाही. कागद पुरा झाला, लेखापरीक्षकही सुखी.

ओटा काढायच्या दिवशी नियमाप्रमाणे दोन हवालदार बंदोबस्ताला. कारण मालक विरोध करतो, असं कागदावर ठरलेलं! हवालदार येऊन बघतात, तर मालक कमरेला पंचा बांधून पहाटेपासून पहारीनं दगड काढतोय. हवालदारांनी विचारलं, अप्पा, आम्ही अडवायचं कुणाला? अप्पा म्हणाले, "त्या टोकाला धरा, जड आहे." धरलं हो त्यांनी! दुपारपर्यंत बंदोबस्तासकट ओटा साफ. काकूंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली, तांबवेकरांना दोनदा.

आणि पौष उजाडला. सकाळी दहाचा सुमार, रोहिणीला कळा. रुग्णवाहिका आली — आणि थांबली! कुठं? जुन्या जागी! इतक्या वर्षांची सवय. चालक उतरला, मागचं दार उघडून खुर्चीची वाट बघत उभा. अप्पा दुकानातून अनवाणी धावले, दोन्ही हातांनी त्याला बोलवत.

"अरे बाबा, आत ये, आत! रस्ता आहे!"

चालकाला खरं वाटेना. हळूच वळवली — वळली! आरसासुद्धा घासला नाही. गाडी थेट रोहिणीच्या दारात. गल्लीतली म्हातारी माणसं गाडीमागून चालत गेली, काही कारण नसताना, नुसती बघायला. तासाभरानं दवाखान्यातून निरोप आला: मुलगी! बाळ-बाळंतीण खुशाल!

बोला, जय जय राम कृष्ण हरी!

मंडळी, आख्यान संपलं. आता तुमच्याकडे वळतो, सावरून बसा.

अप्पांनी पहिल्या दिवशी 'देतो' म्हटलं, तेव्हा त्यांचं देणं झालं नव्हतं. ते कचेरीत गेले, गावाची बोलणी खाल्ली, भरल्या सभेत घामाघूम झाले, पहार उचलली, आणि गाडी आत वळली — तेव्हा झालं. आपण सगळे भले लोक आहोत. चांगल्या कामाला आपला विरोध कधीच नसतो. आपण मान हलवतो, आणि बसून राहतो. देवाला वाटत असेल, ह्यांचे आशीर्वाद पुरेत, आता कुणीतरी उठा.

म्हणून एक विचारतो. ह्या मंडपाचा डाव्या हाताचा खांब आणि त्याचे दोर भर रस्त्यात आहेत. बाहेर एक दूधवाला पाऊण तास उभा आहे. मला इथून दिसतोय, तुमची पाठ आहे. खांब चार हात आत घ्यायला कुणाचा विरोध आहे का?

बघा, किती माना डोलल्या.

आणि उठले किती?

मी थांबतो. पेटीवाले, तुम्हीही थांबा. आरतीचं तबक खाली ठेवा, कापूर विझला तर पुन्हा लावू... हां, ते पिवळ्या फेट्याचे काका उठले. तुम्ही दोघं दोर धरा. माउली, मुलाला इकडे द्या, मी घेतो. सावकाश, खांब तिरका होतोय... घ्या आत, अजून एक हात... झालं!

दूधवाले दादा, निघा तुम्ही. आता म्हणा मंडळी आरती.