खोलीचा खोकला

कुवेतमधल्या शुवैखच्या दवाखान्यात शलाका आपल्या नंबराची वाट पाहत होती. डॉक्टरांकडून दत्तप्रसाद नावाचा वेल्डर खोकत बाहेर आला आणि तिच्या मागच्या बाकावर, खोलीतल्या जोडीदाराशेजारी बसला.

“काय म्हणाले?”

“न्यूमोनिया, सखारामदादा. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे.”

“न्यूमोनियावाला आडवा पडतो. तू तर चालत आलास.”

“यात माणूस चालता-फिरता राहतो, म्हणूनच फसतो म्हणाले. एक्स-रे काढला, घशातला नमुना तपासला, तेव्हा कळलं.”

“मग गावाहून आणलेल्या ॲमॉक्सिसिलिनने कसा गेला नाही?”

“ती या जंतूला लागूच पडत नाही. त्यात एक स्ट्रिप सहा जणांनी वाटून खाल्ली हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.”

“ते कशाला सांगितलंस? बाकीचेही खोकतात हेसुद्धा सांगितलंस?”

“विचारलं त्यांनी. सगळ्यांना घेऊन या म्हणाले.”

“झालं. फोरमन सोडेल सगळ्यांना?”

सखारामलाही उबळ आली. शलाकाने मास्क नाकावर ओढला.

“बरं, ही कुठली गोळी?”

“ॲझिथ्रोमायसिन. माझ्यापुरतीच आहे, कोर्स पुरा करायचाय. गणपतीला येतो म्हणून आईला कळवलंय, दादा. या छातीने कसा जाऊ?”

“जा की. पण आधी वाटण्या करू.”

“या गोळ्या मी नाही देणार.”

“मासळी आणलीस तर वाटतोस. गावाहून खाजं आलं तर वाटतोस. खोकलासुद्धा सगळ्यांना दिलास. आणि बरं व्हायची वेळ आली तर एकटाच?”