‘उद्या बुधवार आहे’ हे गाणं किती गाजलं

हॅलो? … हो, मीच, नेरमीन. … बरं झालं तूच फोन केलास, मावशी. ऐक. कॅसेटी एकूण त्रेचाळीस. साठ मिनिटांच्या चौतीस, नव्वद मिनिटांच्या नऊ. दोन तुटल्या होत्या, त्या चिकटपट्टीनं जोडल्या. एकीची फीत कुरतडलेली होती… उंदरानं नाही, मदाम ओदेतच्या पोपटानं. गाणी सगळी मिळून सहाशे दोन. त्यातली वेगवेगळी फक्त एकशे सत्त्याऐंशी.

… कसल्या कॅसेटी म्हणजे? नाजीकाकांनी भरून दिलेल्या. तुझ्या बाल्कनीखाली टपरी होती ना त्यांची, तिथल्या. गल्लीत घरोघरी फिरून गोळा केल्यात मी.

… हो, हो… बोल ना, ऐकतेय. … आज सहा वाजता, माहीत आहे मला. नाजीकाका आणि त्यांची बहीण, बसबूसा मिठाईचं ताट घेऊन. आई सकाळपासून तेवढंच सांगतेय. … काय? … येऊ नका म्हणून सांगू? मी? … मावशी, चार वाजून दहा मिनिटं झालीत. त्यांच्या बहिणीचे केससुद्धा करून झाले असतील.

… अगं, आईनं नाही म्हटलं म्हणून मला गळ घालतेस होय. … आईचं म्हणणं ठाऊक आहे. लग्नाची मागणी इन्शिराहला, म्हणजे तुला, आली आहे, तर नकारही इन्शिराहनंच कळवावा. … बरं, ओरडू नकोस. मी करते फोन. पण कारण सांग. काहीतरी सांगायला हवं ना मला त्यांना.

… हं. … हं. … म्हणजे इतकी वर्षं माणूस तुझ्या बाल्कनीखाली बसून होता, एकदा मान वर केली नाही, एक शब्द बोलला नाही. आणि आता बायको जाऊन तीन वर्षं झाली, मसुराचं सूप गरम करून द्यायला कोणीतरी हवं, म्हणून त्याला चव्वेचाळीस वर्षांची तू आठवलीस. … असंच सांगू? सुपासकट?

… नाही गं, थट्टा नाही करत. … कळतंय. … हो, कळतंय मावशी. तेव्हा त्यांच्या मनात काही असतं तर गोष्ट वेगळी होती. नुसती सोय म्हणून नको. … बरोबर आहे. त्यात मी काय बोलणार?

मग असं कर, मला पंधरा मिनिटं दे. पंधरा मिनिटांनी तू म्हणालीस तर मी लगेच फोन करून त्यांना नको म्हणते. शब्द. … कॅसेटींचंच बोलायचंय. … अगं ऐक ना, तूच लावलंस मला या कामाला. दर ईदला जेवण झालं की तुमचं ठरलेलं भांडण, नव्वदच्या दशकात सगळ्यात गाजलेलं गाणं कोणतं. मामा एक म्हणतो, आई दुसरं, आणि तू म्हणतेस ‘उद्या बुधवार आहे’. मग सगळे हसतात, तू चिडतेस आणि म्हणतेस, गल्लीत कोणालाही विचारा. गेल्या ईदला मी ठरवलं, विचारूच.

… हसत नव्हते मी. … जरा हसले असेन.

… आधी मामाचं ऐक. त्याचा तो पांढऱ्या सूटवाला, ‘चंद्र खोटं बोलला’. सतरा कॅसेटींवर आहे. सुरुवातीला पस्तीस सेकंद स्पॅनिश गिटार. त्या तीन-चार वर्षांत प्रत्येकाला गिटार का हवी होती गं? गडी जन्मात इथल्या जवळच्या रोझेटा गावाच्या पुढे गेला नसेल, पण गाण्यात थेट स्पेनला पोचतो. आणि टाळ्या. एकशे सत्त्याऐंशी गाण्यांपैकी एकशे एक्केचाळीस गाण्यांत टाळ्या आहेत, त्याही यंत्राच्या. सगळीकडे तीच टाळी. बहुतेक एकाच माणसानं एकदा वाजवली आणि दहा वर्षं पुरवली.

… ‘हबीबी’ पण मोजलं, मोजणार नाही तर काय. सगळ्यात जास्त सेहेचाळीस वेळा, चार मिनिटांच्या गाण्यात. दर पाच सेकंदांनी एकदा. मला कोणी इतक्या वेळा हाक मारली तर मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेईन.

… आईचं? आईचं ते रडकं. ती बाई छान गाते, ते मान्य. पण दुसऱ्या कडव्याआधी ऑर्गनवर अ‍ॅकॉर्डियनची नक्कल येते, ती ऐकून मला नेहमी लिफ्ट अडकल्यासारखं वाटतं. आई मात्र बरोब्बर तिथेच डोळे पुसते. … हो, आई ऐकतेय, दारातच उभी आहे. लाटणं आहे हातात.

आता तुझं. गायक इझ्झत बरकात, जॅकेटच्या दोन्ही खांद्यांत एकेक उशी. पाच मिनिटं बारा सेकंद. गाणं वाईट नाहीये, मावशी. बासरी चांगली आहे. पण माणूस पाच मिनिटं सांगतो, उद्या बुधवार आहे, उद्या बुधवार आहे, आणि बुधवारी काय आहे ते शेवटपर्यंत सांगत नाही. … ‘ज्याला कळायचं त्याला कळतं’? मी अकरा वेळा ऐकलं. मला एवढंच कळलं की मंगळवार आहे.

… बरं, बरं. ऐक तर. त्रेचाळीस कॅसेटींपैकी ‘उद्या बुधवार आहे’ किती कॅसेटींवर असेल? … नाही. … जास्त. … एकोणतीस. पहिला नंबर. मामाचं सतरा, आईचं पंधरा. … हो. तूच बरोबर होतीस. … हो, मामाला सांगेन. … लेखी देईन. … मावशी, थांब. नाच नंतर कर, अजून संपलं नाही.

मग मी गल्लीबाहेर विचारलं. आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत चाळिशीच्या पुढचे चौदा जण आहेत. टांटाचे, दमनहूरचे, दोघं कैरोचे, पाच इथलेच, अलेक्झांड्रियाचे. सगळ्यांना गाणं ऐकवलं. चौदापैकी एकालाही माहीत नव्हतं. मग वाचनालयात गेले. त्या काळातल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला वीस लोकप्रिय गाण्यांची यादी यायची. त्र्याण्णवपासून सत्त्याण्णवपर्यंतचे अंक काढले, दोनशेच्या वर. तुझा बुधवार एकदाही नाही. विसावाही नाही.

… साप्ताहिकवाले लबाड असतील, मान्य. पण ते चौदा जण? … अगं, चिडू नकोस. मी काय म्हणतेय ते बघ. तू खोटं बोलत नव्हतीस. तुमच्या गल्लीत ते खरंच सगळ्यात गाजलेलं गाणं होतं. फक्त तुमच्या गल्लीत. ज्यांच्याकडे ते सापडलं त्यातलं सगळ्यात लांबचं घर टपरीपासून चारशे मीटरवर आहे. ट्रामचे रूळ ओलांडले की संपलं. असं कुठल्या गाण्याचं होतं का? मला दोन रात्री झोप नाही आली.

… म्हणून मी लोकांना विचारलं. शब्रावी मेकॅनिक आठवतो? तो म्हणाला, मी नाजीला दहा दुःखी गाण्यांची यादी दिली, कॅसेटमध्ये अकरा निघाली. पुन्हा दुसरी भरून घेतली, तरी तेच. मदाम ओदेतनं भाचीच्या लग्नात नाचायची गाणी मागितली होती. ऐन रंगात बुधवार लागला आणि वऱ्हाडी खाली बसले. ती भांडायला गेली, तर काका म्हणाले, चुकून आलं असेल, त्याचे पैसे नका देऊ. एकोणतीसपैकी बावीस जणांशी बोलले मी. गाणं मागितलं होतं का? बावीसच्या बावीस म्हणाले, नाही.

… हं. … हं, तेही शक्य आहे. त्यांनाच आवडत असेल. मलाही आधी तेच वाटलं. तो मुद्दा तपासलाय मी, येते त्याच्यावर.

आधी मला सांग, ते कॅसेट भरायचे कसे? तू रोज वरून बघायचीस. … बघत नव्हतीस. बरं, दिसायचं. … हो. दोन टेप शेजारी ठेवून. … बरोबर, घाईत भरणारं यंत्र नव्हतं त्यांच्याकडे. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं भरायला पाच मिनिटं लागायची. आणि ते पूर्ण वाजायचं, मोठ्यानं, कारण कुठे थांबवायचं ते कान देऊन ठरवावं लागायचं. स्पीकर कुठे होता? … टपरीच्या छपरावर. तुझ्या बाल्कनीच्या खाली किती? … दीड माणूस. म्हणजे अडीच मीटर धरू.

आता असं बघ. एखादं गाणं तुला पुन्हा पुन्हा ऐकवायचं असेल, तर नुसतं वाजवून चालणार नाही. गल्ली विचारेल, रोज तेच का लावतोस. पण गिऱ्हाइकाची कॅसेट भरतोय म्हटलं की कोण विचारणार?

… मावशी? … गाणं लागलं की तू काय करायचीस? … कपडे वाळत घालायला बाहेर यायचीस. … दर वेळी? … तुम्ही घरात चार माणसं. इतके कपडे कुणाचे होते गं? … तेच तेच पुन्हा. … ओले करून. बरं. नाही, आईला नाही सांगत. आई दारातच आहे, पण नाही सांगत.

… आणि हे सुरू कसं झालं? त्यांना कसं कळलं तुला ते गाणं आवडतं? … आठव जरा. … दोरीनं टोपली सोडली होतीस. … हो, भाजीवाल्याला सोडतात तशी. कोरी कॅसेट आणि चिठ्ठी. … चिठ्ठीत एकच गाणं? साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये? … आणि त्यांनी? … दोन्ही बाजूंना तेच, दहा वेळा. … आणि तुला वाटलं, याला धड काम येत नाही. … वर तक्रारही केलीस? … मग ते काय म्हणाले? … काहीच नाही. मान खाली. हं. ही कॅसेट माझ्या त्रेचाळिसात नाही. कुठे आहे? … हरवली? … बरं, कपाटात असू दे.

आता तो तुझा मुद्दा. त्यांनाच आवडत असेल. तसं असतं तर गाणं सगळ्याच वर्षांत सारखं सापडलं असतं, बरोबर? आणि वर्ष कळतं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचा आवाज आहे. ‘नाजी स्टिरिओ’, मग तारीख, मग ‘ऐकणाऱ्याला सलाम’. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कॅसेटींवर. पहिली मार्च त्र्याण्णवची, शेवटची मे नव्व्याण्णवची. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या आईनं त्यांचं लग्न लावून दिलं आणि टपरी बंद झाली.

मी तारखांप्रमाणे सगळ्या ओळीनं मांडल्या. आईच्या पलंगावर, हो, म्हणून ती लाटणं घेऊन उभी आहे. गाणं सलग सापडतं, ऑगस्ट शहाण्णवपर्यंत. आणि मग बंद. तू कुवेतला मामाकडे राहून शिकवायला कधी गेलीस? … तारीख नको, महिना सांग. … सप्टेंबर शहाण्णव. … हो. मला माहीत होतं. तुझ्या तोंडून हवं होतं.

… दोन अपवाद आहेत. लपवत नाही. शाळेच्या बाईंनी पाढे भरून घेतले होते. साताच्या आणि आठाच्या पाढ्यामध्ये बुधवार घुसवायचं धाडस त्यांना झालं नाही. आणि दुसरी कॅसेट मक्रम दातवाल्यांची. ते म्हणाले, मी स्टुलावर बसून यादीवर एकेक खूण केली, मला नाजीचा भरवसा नव्हता.

… नाही, मी नाजीकाकांना विचारलं नाही. शपथ. कोणी काही पढवलेलं नाही. माणसाला वीस वर्षांनी विचारलं तर तो काहीही सांगेल. कॅसेटला ते जमत नाही. … तरी योगायोग? … तू शिक्षिका आहेस ना गणिताची? … बरं. मग हे बघ. शहाण्णवच्या सप्टेंबरपासून एकाही कॅसेटवर गाणं नाही. मग अचानक तीन कॅसेटी येतात, तिन्हींवर आहे. आणि पुन्हा बंद, शेवटपर्यंत. त्या तिन्ही कॅसेटी जुलै अठ्ठ्याण्णवच्या आहेत.

… हो. … सुट्टीला. … किती दिवस होतीस? … एकोणतीस जूनला आलीस, दोन ऑगस्टला गेलीस. … मला ते माहीत नव्हतं, मावशी. मी आईला विचारलं, तर तिला काही केल्या आठवेना. म्हणूनच तुला आत्ता विचारलं.

… आहेस ना? … मावशी? … बरं. पाणी घेऊन ये. मी थांबते.

… हो, आहे. … थोडं पाणी पी. … नाही, मी हसत नाहीये. आईही नाही. ती लाटणं ठेवून खाली बसलीये.

… मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणते, तेव्हा माझी काही अडचण नाही, एवढंच सांगून ठेवते. … बरं, गप्प बसते.

एकोणीस मिनिटं झाली. पंधराचं ठरलं होतं, चार जास्त घेतली. मी शब्द दिलाय. करू त्यांना फोन, येऊ नका म्हणून? … नीट विचार करून सांग. … नाही? … नक्की? … बरं. नाही करत.

… निळा घाल. हिरव्यात तू परीक्षेला बसलेल्या मुलांवर नजर ठेवायला आल्यासारखी दिसतेस. … आम्ही निघतोच, साडेपाचला पोचू. … काय? … पुन्हा सांगू? आकडेच ना? … सावकाश, हो. पेन मिळालं? … तू गल्लीत असताना भरलेल्या कॅसेटी एकतीस. त्यातल्या एकोणतीसांवर गाणं आहे. तू कुवेतमध्ये असताना भरलेल्या बारा. त्यातल्या शून्यावर.